रोजचा शब्द

शब्दकोश आपण उघडतो तो अडल्यावर. वाचता वाचता एखादा अनोळखी शब्द आडवा येतो, मग कोश हाती घेतला जातो. ‘टेक’ किंवा ‘पुट’चा अर्थ पाहायला सहसा कोणी कोशाकडे वळत नाही. हे शब्द आपल्याला येतातच, असं आपण धरून चालतो. शाळेत कधीतरी ते पाठ झालेले असतात. टेक म्हणजे घेणे. पुट म्हणजे ठेवणे. विषय तिथेच संपतो.

जेम्स मरे यांच्या कामाबद्दल वाचल्यापासून मला मात्र हे साधे शब्द दिसू लागले आहेत. मरे लंडनजवळच्या मिल हिलमधले शाळामास्तर. 1879 मध्ये त्यांनी इंग्रजीच्या एका मोठ्या कोशाचं संपादन अंगावर घेतलं. पुढे तो ऑक्सफर्डचा कोश म्हणून जगाला ठाऊक झाला. या कोशाची रीत निराळी होती. शब्दाचा अर्थ कोणा पंडिताने बसून ठरवायचा नाही. लोकांनी तो शब्द कसकसा वापरला ते आधी गोळा करायचं आणि अर्थ त्यातून शोधायचा.

त्यासाठी वाचकांना आवाहन केलं होतं. पुस्तकं वाचा आणि शब्द जिथे भेटेल तिथलं वाक्य एका चिठ्ठीवर उतरवून पाठवा. चिठ्ठीच्या कोपऱ्यात शब्द. खाली साल, लेखकाचं नाव, पुस्तक. आणि मग ते अख्खं वाक्य. मरे यांनी बागेत पत्र्याची एक खोली उभारली होती. तिथल्या भिंतीवरच्या खणाखणांत या चिठ्ठ्या लावल्या जात. घरातली मुलंसुद्धा खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या अक्षरवार लावायला बसत.

वाचकांनी मनापासून वाक्यं पाठवली. पण साठलेला ढीग तपासताना मरे यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ‘अब्यूजन’ नावाचा एक शब्द होता, केव्हाच वापरातून गेलेला. त्याच्या चिठ्ठ्या निघाल्या सुमारे 50. आणि ‘अब्यूज’ हा सगळ्यांच्या तोंडातला शब्द. त्याच्या पाचही नव्हत्या.

या वाचकांना बोल लावावा असं मला वाटत नाही. आपणही तेच केलं असतं. नवं दिसलं की नजर थांबते, ओळखीचं दिसलं की पुढे सरकते. पण ज्यांच्यावाचून वाक्य उभं राहत नाही, नेमके तेच शब्द चिठ्ठीविना राहिले. मरे यांना वाचकांना विनवावं लागलं की साध्या शब्दांचीही वाक्यं पाठवा. मदतनिसांना पुस्तकं घेऊन ती वाक्यं हुडकत तासन्‌तास बसावं लागलं.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. लेक परदेशी, नात तिकडेच वाढलेली. मावशींनी साठीनंतर इंग्रजी शिकायला घेतलं. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. ‘टेक’समोर त्यांनी ‘घेणे’ लिहिलं होतं. औषध घेणे, बरोबर बसलं. मग ‘टेक अ सीट’ आलं, म्हणजे बसा. ‘टेक अ फोटो’ आलं, तिथे आपण फोटो काढतो. ‘इट टेक्स टाइम’ म्हणजे वेळ लागतो. आणि एके दिवशी ‘टेक अ‍ॅन एक्झाम’ समोर आलं. आपल्याकडे परीक्षा घेतात ते शिक्षक. विद्यार्थी परीक्षा देतात. म्हणजे इथे ‘घेणे’चा अर्थ चक्क ‘देणे’!

मावशी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या. ‘घेणे’ त्यांनी खोडलं नाही. त्याखालून मात्र त्या रेघ ओलांडून पानभर पूर्ण वाक्यं लिहू लागल्या. जिथे ‘टेक’ भेटेल तिथलं वाक्य जसंच्या तसं, आणि समोर कोण कोणाला म्हणालं तेही. मरे यांचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही. त्यांची वही पाहिली तेव्हा मला त्या पत्र्याच्या खोलीतल्या चिठ्ठ्या आठवल्या, आणि फार बरं वाटलं.

एकटा शब्द जेमतेम बोलतो. सोबत मिळाली की मोकळा होतो.

खरं तर ‘टेक’ हा इंग्रजीचा घरचा शब्दही नव्हे. हजारेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून, उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या बोलीबरोबर तो इंग्लंडात उतरला. त्याआधी तिथे ‘घेणे’ या अर्थी ‘निमन’ असं क्रियापद होतं. त्याचं भावंड जर्मन भाषेत ‘नेमेन’ म्हणून आजही नांदतं आहे. इंग्लंडात मात्र ‘टेक’ वापरात येत गेला आणि ‘निमन’ मागे पडत गेला. पण पुरता गेला नाही. कडाक्याच्या थंडीत बोटं बधिर होतात, तेव्हा इंग्रजीत त्यांना ‘नम’ म्हणतात. तो शब्द ‘निमन’चाच उरलेला अंश. मुळात त्याचा अर्थ ‘घेतलेलं’, ‘काढून घेतलेलं’. ज्यांची जाणीवच कोणी काढून घेतली आहे अशी ती बोटं. इतकी वर्षं हा शब्द उच्चारणाऱ्या किती जणांना त्यातलं ते जुनं क्रियापद जाणवलं असेल!

मरे 1915 मध्ये वारले. कोश पुरा झाला 1928 मध्ये. कोशातली काही अक्षरं इतर संपादकांनी सांभाळली, पण सी, डी, एच, पी आणि टी मरे यांच्याकडे होती. म्हणजे ‘कम’, ‘डू’, ‘हॅव’, ‘पुट’ आणि ‘टेक’, हे सगळे शब्द त्यांच्याच वाट्याला आले. ज्यांचा अर्थ कोणी विचारत नाही, त्यांच्यासाठी एका विद्वान माणसाने आयुष्याच्या कितीतरी सकाळी दिल्या. मला हे कोशातल्या लाखो शब्दांपेक्षाही मोठं वाटतं.

मावशींची नात आता फोनवरून आजीकडे मराठी शिकते. तिचं गाडं ‘लागणे’पाशी अडलं आहे. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, नोकरी लागते, निकाल लागतो, आंबा गोड लागतो, वाचनाचा नाद लागतो. साठ वर्षं हा शब्द सहज वापरणाऱ्या मावशींना त्याचा अर्थ काही सांगता येईना. शेवटी त्यांनी तिलाही वाक्यं लिहून ठेवायला सांगितलं. परवा नातीने विचारलं, ‘आजी, वाटेत पाऊस लागला म्हणतेस, पण तो कुठे लागला?’ मावशी अजून विचार करताहेत.