खाडीची राखण

मागच्या थंडीत माझ्या मायला ठाण्याच्या खाडीच्या कडेला एका रखवालदारानं अडवलं. डोक्यावर तिवराच्या वाळक्या फांद्यांची मोळी होती. गॅस पुरत नाही, म्हणून जळण. "ए म्हातारे, ठेव खाली. सरकारी जंगल हाय हे." मायनं मोळी टाकली, पण गप्प बसली नाही. म्हणाली, "बाबा, चाळीस वरसं आमी हितं हगायला येत व्हतो, तवा कुनी न्हाई आडवलं." घरी येऊन ती हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

आम्ही गोवंडीचे. आजा-आजी मायला घेऊन ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले आणि मुंबईनं त्यांना जागा दाखवली ती देवनारच्या कचरा डेपोपाशी. हा डेपो १९२७ पासूनचा. साल ध्यानात घ्या मित्रांनो. त्याच वर्षाच्या मार्चात बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तिकडं आम्ही पाण्याला हात लावला, इकडं शहरानं खाडीच्या काठाला आपला कचरा लावला.

६ ऑगस्ट २०१५ ला या खाडीचा सुमारे १६९० हेक्टर भाग रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला. २०२२ ला रामसर यादीत नाव लागलं. आता लिहायला सोपं आहे : चवदार तळ्यावर गुरं-कुत्री पाणी पीत, बंदी माणसाला. खाडीत पाखराला मोकळीक, बंदी माझ्या मायला. लेख इथंच संपवला असता तर टाळ्या पडल्या असत्या. पण ते मला खोटं वाटतं.

बंदी आणि बंदीत फरक करायला नको? महाडच्या बंदीनं तळ्याचं काहीएक राखलं जात नव्हतं. राखला जात होता तो वरच्यांचा वरपणा. तिवरतोडीच्या बंदीनं खरंच काही राखलं जातं. त्या मुळांत मासळीची पिल्लं वाढतात, भरतीचा जोर मुळं सोसतात. २६ जुलै २००५ ला आमच्या झोपडीत कमरेएवढं पाणी होतं, त्या रात्री मला हे पुस्तकाशिवाय कळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टानं तिवरतोड थांबवली ती बरीच केली. तिवरं गेली तर आधी आम्हीच बुडणार.

तेव्हा माझं भांडण पाखराशी नाही, कायद्याशीही नाही. माझं भांडण नजरेशी आहे. पाळत ठेवायची म्हणता, ठेवा. पण ज्यानं जेवढी खाडी नासवली तेवढी नजर त्याच्यावर पडते का? घाटकोपर-भांडुपकडचं सांडपाणी याच खाडीत येतं. पलीकडं ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. नाला डोक्यावर मोळी घेऊन चालत नाही, म्हणून तो रखवालदाराला दिसत नसावा. आणि गंमत पहा, रोहित ज्या शेवाळावर जगतो, ज्यानं गुलाबी होतो, ते शेवाळ या सांडपाण्यावरच पोसलं जातं असं अभ्यासकच सांगतात. त्याच घाणीत राहिलो म्हणून आम्ही घाणेरडे, पाखरू मात्र देखणं.

माझा आजा गावचा वेसकर. रात्रभर वेस राखायची. शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची. पण त्यानं विहिरीला हात लावला की विहीर बाटली. राखायला लायक, प्यायला नालायक. मायनं चाळीस वर्षं डेपोवर प्लॅस्टिक वेचलं. वेचलं नसतं तर त्यातलं किती या खाडीत उतरलं असतं? ही राखणच होती की. तिची नोंद मात्र कुठल्या कागदावर नाही. वन्यजीव कायदा म्हणतो, अभयारण्य करताना कोणाचा काय हक्क आहे याची कलेक्टरनं चौकशी करावी. कायदाही ७२ चाच, मायसोबतच मुंबईत आल्यासारखा. पण हक्क सांगायला कागद लागतो. झोपडीला सातबारा कुठला?

मग काय, राखणीचं काम आम्हाला द्या म्हणू? लिहिताना माझा हात इथं अडखळला. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ ला कौन्सिलात बिल आणलं, आणि मी नातवानं पुन्हा वेसकरकी मागायची? नाही. पण वेसकराला वेस कुठं असावी हे कधी कोणी विचारलं नव्हतं. काम द्याल तर महिन्याच्या पगारानं द्या, आणि रेघ कुठं ओढायची त्या बैठकीला मायला खुर्ची द्या. खुर्ची नसेल तर ते काम मला नको, दुसऱ्या कोणाला द्या.

फेब्रुवारीत तिकीट काढून मायला ऐरोलीहून बोटीत बसवलं. लोक फोटो काढत होते. तिनं पाखरं घटकाभर बघितली, "लई ग्वाड हायती" म्हणाली. मग भांडुपच्या अंगाला काळं पाणी मिसळत होतं तिकडं बोट करून तिनं नावाड्याला विचारलं, "ह्याला कोन आडवितंय रं दादा?" नावाड्यानं घड्याळात बघितलं. ओहोटी लागली म्हणाला, आणि बोट फिरवली.