दूरवर पोहोचणारी झळ

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही दिवाळीच्या नि उन्हाळ्याच्या सुट्टीत आष्टी, गेवराई, माजलगावची तरुण मंडळी गाड्या भरून मालवण-तारकर्लीला जातात आणि पाठीला सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरतात. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या पोरांना खाऱ्या पाण्याची भीती वाटत नाही, याचा आनंदच आहे. पण तिथे आपण कुणाच्या घरात शिरतो, हे मात्र उतरण्याआधी ठाऊक असायला हवे.

खाली जे दगडासारखे दिसते, ते नुसते दगड नव्हे. प्रवाळ हा प्राणी आहे. त्यातला एकेक पॉलिप बहुधा काही मिलिमीटरचाच असतो. तो आपल्या बुडाशी चुन्याचे घर बांधतो आणि अशा असंख्य घरांची मिळून भित्ती उभी राहते. भरीव, गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो. बैलगाडीच्या चाकाएवढा प्रवाळ दिसला, तर तो आपल्या आजोबांच्या वयाचा समजावा. सागरतळाचा एक टक्काही न व्यापणाऱ्या या भित्तींवर समुद्रातल्या सुमारे पाव प्रजाती अवलंबून असतात.

लक्षद्वीप किंवा अंदमानच्या स्वच्छ पाण्यातली निरोगी भित्ती दिवसा वेगळी आणि रात्री वेगळी असते. दिवसा माशांची नुसती वर्दळ असते. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो, तो आवाज पाण्यातही ऐकू येतो. अंधार पडला की पाळी बदलते. शेवंड कपारीतून बाहेर येतो. काही पोपटमासे स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोष विणून त्यात झोपतात. आणि दिवसभर मिटून बसलेले पॉलिप बारीक बारीक शुंडके पसरून, पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपू लागतात. दिवसा ज्याला आपण खडक समजलो, तो रात्री जेवत असतो.

म्हणूनच पाणबुड्याच्या शिक्षणात तोल सांभाळण्याला फार महत्त्व आहे. श्वास भरला की शरीर किंचित वर उचलले जाते, सोडला की खाली येते. श्वास कधीही रोखायचा नाही, पण तो असा संथ ठेवायचा की तळाला पाय लागू नये आणि वरही भिरकावले जाऊ नये. पायातल्या फिनचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ मोडू शकतो. हात लावायचा नाही, काही उचलायचे नाही, फोटोसाठी माशांना पावाचे तुकडे टाकायचे नाहीत, झोपलेल्या माशाच्या डोळ्यांवर बॅटरी मारायची नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. भित्ती उभारणारे प्रवाळ २००१ पासून वाघाच्याच बरोबरीने वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पण दहा-बारा मीटर खोल पाण्यात कायद्याचा माणूस उभा नसतो. तिथे आपला हात आपणच आवरायचा असतो.

मात्र हात आवरला म्हणजे कर्तव्य संपले, असे नाही. प्रवाळाच्या पेशींत एक सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की ही सोबत तुटते. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरा पडतो आणि उष्णता हटली नाही तर उपासमारीने मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हेच घडले.

यातले २०१६ साल मराठवाडा विसरलेला नाही. आदल्या वर्षीचा पाऊस हुकला होता आणि एप्रिलमध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडत होते. दोन्हींच्या मागे तोच एल निनो होता. एल निनो हा निसर्गाचा जुना फेरा आहे. पण आता तो ज्या समुद्रावर येतो, तो आधीच तापलेला आहे. माणसाच्या धुरामुळे पृथ्वीवर कोंडलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रानेच पोटात घेतली आहे.

चूक एकाची आणि झळ दुसऱ्याला, हा अनुभव शिरूर कासारच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून प्रवाळाचे दुःख किनाऱ्यावरच्या पर्यटकापेक्षा बीडच्या माणसाला लवकर कळावे, असे मला मनापासून वाटते. पण आपण केवळ सोसणारेच आहोत, असे म्हणून सुटकाही नाही. परळीचे औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या कोळशावर आपले दिवे लागले, घरे चालली. २०१५ साली पाणीच नसल्याने तेच केंद्र बंद ठेवावे लागले. धूर आणि दुष्काळ या दोन्हींचा पत्ता एकच असू शकतो, हे आपण आपल्याच अंगणात पाहिले आहे.

तेव्हा मालवणला जरूर जा. पोरांना पाण्याखालचे जग दाखवा आणि लांबूनच पाहायला शिकवा. नांगर प्रवाळावर टाकणारी नाव दिसली तर तिच्यात बसू नका. आणि परतल्यावर विजेकडे, डिझेलकडे, शेतातल्या पंपाकडे त्याच नजरेने पाहा. बालाघाटावर पवनचक्क्या फिरत आहेत, सौर पंप बांधावर आले आहेत. मार्ग नाही, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. जो जीव आपल्याला कधी दिसणार नाही आणि जो आपल्याकडे तक्रारही करू शकत नाही, त्याच्यासाठी स्वतःची सवय बदलणे, हीच माणुसकीची खरी परीक्षा आहे. ती द्यायला समुद्रकाठी राहावे लागत नाही.