खवले मोजल्यावर जात कळते?

सह्याद्रीच्या मातीत राहणारा खापरखवल्यांच्या कुळातला एक काळा साप २०१६ पर्यंत ‘मेलॅनोफिडियम पंक्टॅटम’ समजला जाई. ते नाव निसर्गअभ्यासक बेडोम यांनी १८७१ मध्ये दिलेले. मग गोवर, गिरी, कॅप्टन आणि विल्किन्सन या संशोधकांनी नमुने पुन्हा तपासले, पोटावरचे खवले मोजले आणि दक्षिण महाराष्ट्र-गोव्याकडचा साप वेगळा ठरवला. पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्यावरून त्याचे नाव पडले ‘मेलॅनोफिडियम खैरेई’.

सापात मात्र काहीच बदलले नव्हते.

मग ही जात सापात होती की मोजणाऱ्यांच्या वहीत? वैशेषिक दर्शनाचे तत्त्वज्ञ म्हणतील, गाईत गोत्व असते तशी ती सापातच होती, माणसाला उशिरा कळली. बौद्ध तर्कज्ञ दिङ्नागाला हे पटणार नाही. त्याच्या मते ‘सामान्य’, म्हणजे अनेकांत असणारे एकच तत्त्व, असे काही नसतेच. ‘गाय’ म्हणजे ‘गाय नसलेल्यांहून वेगळे’, एवढेच. गंमत म्हणजे नव्या जातीचे वर्णन लिहिणारा त्याच वाटेने जातो. शेजारच्या जातींहून ती कशात निराळी, हे त्याला आधी दाखवावे लागते.

वैशेषिकांचे ‘सामान्य’ नित्य असते. उत्क्रांती मानणाऱ्याला इथे अडखळावेच लागते, कारण त्याच्या हिशेबात जाती उपजतात, फुटतात, संपतात. पण दिङ्नागाचाही पूर्ण विजय होत नाही. सापांमधला फरक कुणी कल्पिलेला नाही, तो मोजता येतो.

प्राणिशास्त्रातले नामकरणाचे नियम या वादात पडतच नाहीत. त्यांनी जातीचे नाव व्याख्येला न बांधता संग्रहालयात जपलेल्या एका नमुन्याला, म्हणजे एका व्यक्तीला, बांधले आहे.