पावती आणि ऋणमुक्ती

गेल्या माघात आमच्या पुतण्याने इंग्लंडहून कुलदेवाच्या चांदीच्या प्रभावळीसाठी मोठी रक्कम पाठविली. तो तेथे एका रुग्णालयात डॉक्टर आहे. शिक्षण मात्र मुंबईच्या सरकारी महाविद्यालयात झाले. सोबतच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती : "काका, आता तिकडचे माझे देणे फिटले, असे म्हणायला हरकत नाही ना?" रक्कम देवस्थान समितीकडे जमा झाली, पावतीही मिळाली. उत्तर मात्र आमच्याकडून राहून गेले.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परदेशातील डॉक्टरच्या मिळकतीला नाके मुरडण्याची आपल्याकडे रीत आहे, ती आम्हांस मान्य नाही. इंग्लंडात ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा चालू आहे. रुग्णालयातील डॉक्टरला तेथे पगार मिळतो. वस्तीतल्या दवाखान्याला मुख्यतः नोंदलेल्या रोग्यांच्या संख्येवरून सरकार पैसे देते. डॉक्टरपुढे बसलेल्या रोग्याला खिशात हात घालावा लागत नाही. अमेरिकेत बहुधा विमा कंपन्या अथवा सरकारी विमा योजना पैसे मोजतात, आणि डॉक्टरलाही स्वतःच्या चुकीबद्दलच्या दाव्यांचा विमा उतरवावा लागतो. आखाती देशांत महिन्याचा पगार ठरलेला, आणि त्यावर प्राप्तिकर नाही. या साऱ्यांत घामाचा मोबदला घेतला जातो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

परंतु मोबदला वेगळा आणि ऋण वेगळे. मोबदल्याचा हिशेब आज काम देणाऱ्याशी असतो. ऋणाचा हिशेब, ज्याने आपल्याला काम करण्याजोगे केले त्याच्याशी. पुतण्याच्या शिक्षणाचा मोठा खर्च सरकारी तिजोरीने सोसला, हे खरेच. त्याहूनही मोठे देणे त्या वॉर्डातल्या गरीब रोग्यांचे आहे. त्यांच्या दंडावर हा मुलगा शीर शोधायला शिकला. कोणाची शीर चारदा चुकली असेल. त्याने हात मागे घेतला नाही.

कायद्याने या ऋणाला किंमत लावून पाहिली आहे. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयांतून एम. बी. बी. एस. होणाऱ्यांना एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र द्यावे लागते. सेवा न केल्यास दंड दहा लाख रुपयांचा ठेवण्यात आला. दंड भरला की कायद्याचे तोंड बंद होते. अमेरिकेची तऱ्हा याहून बोलकी आहे. जे-वन व्हिसावर प्रशिक्षण घेतलेल्या परदेशी डॉक्टरने नंतर दोन वर्षे मायदेशी राहावे, असा तेथील कायदाच आहे. पण डॉक्टरांची टंचाई असलेल्या अमेरिकी भागात तीन वर्षे सेवा केली, तर ही अट माफ होऊ शकते. तशी शिफारस करण्याची सोय तेथील राज्यांना १९९४ पासून आहे. देणे आमच्या खेड्याचे, आणि सूट देणार अमेरिका! दिवाणी कोर्टात असा व्यवहार कोणी मांडला, तर न्यायाधीश हसल्याशिवाय राहणार नाहीत.

पत्र असे खिशात असतानाच एका अशिलाच्या कामासाठी भोपाळला जाणे झाले. उतरण्याची सोय शहराच्या उत्तरेस, करोंदला होती. तेथेच भोपाळ मेमोरियल रुग्णालय आहे. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री ज्यांच्या छातीत कारखान्याचा विषारी वायू गेला, त्यांच्यासाठी ते बांधले. युनियन कार्बाइडने आपल्या भारतीय कंपनीतील भाग सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने १९९४ साली विकले, त्या पैशातून ही इमारत उभी राहिली, आणि २००० साली तेथे उपचार सुरू झाले. पैसा परदेशी कंपनीकडून आला, इमारत आली, यंत्रे आली. तरीही पुढे तज्ज्ञ डॉक्टर टिकत नाहीत, जागा रिकाम्या राहतात, ही तक्रार थेट न्यायालयांपर्यंत गेली. आमच्या पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले. जेथे उणीव हातांची आहे, तेथे नुसत्या पैशाने फेड होत नाही.

मग देवाला दिलेली प्रभावळ व्यर्थ काय? मुळीच नाही. ती भक्ती आहे, आणि भक्तीला हिशेब विचारू नये. पण एका धनकोचे देणे दुसऱ्याच्या घरी पोचविल्याने फिटत नाही, हे कोणताही कारकून सांगेल. देवाने कधी त्या वॉर्डातल्या रोग्याचे मुखत्यारपत्र घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

यावर कोणी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे नाव घेईल. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पथकातून ते गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला. मिळकतीचा विचारही न करणारे असे पुरुष वंद्य खरे. पण अपवादावरून नियम करता येत नाही. शिवाय धनकोनेही आपली वही नीट ठेवली पाहिजे. परतून आलेल्या तज्ज्ञाला जर आपण तुटके उपकरण, तात्पुरती नेमणूक आणि वर्षभर अडलेला पगार देणार असू, तर वसुलीची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही. नाममात्र फीवर कायदा शिकून पुढे मोठ्या अशिलांच्या मागे धावणाऱ्या आम्हां वकिलांना तर नाहीच.

म्हणून पुतण्याला आम्ही असे लिहिणार आहोत : "प्रभावळीची पावती सोबत जोडली आहे. ती भक्तीची पावती समज, ऋणमुक्तीची नव्हे. नोकरी सोडून ये, असे म्हणत नाही. वर्षातले पंधरा दिवस मात्र राखून ठेव. नियमाने लागेल ती परवानगी काढ. कागदपत्रांचे काम आमच्याकडे. ज्या वॉर्डात शिकलास, तेथे चार मुलांना शीर शोधायला शिकव. त्याची पावती कोणी देणार नाही."