अन्नासाठी जोपासलेले जीव

खाऱ्या पाण्यातील मासे काचेच्या पेटीत पाळण्याचा छंद मूळचा किनाऱ्यावरचा. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्यानंतर आपल्या भागातील कितीतरी कुटुंबांनी समुद्रातील रंगीत मासे प्रथम पाहिले ते तेथेच. आता तो छंद घाट चढून आला आहे. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. येथे समुद्राचे पाणी कोठून मिळावयाचे? परंतु तयार सागरी क्षार विकत मिळतात. ते लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम ह्या प्रमाणात शुद्ध पाण्यात विरघळविले, की घरातल्या घरात समुद्र होतो. ह्या छंदाशी आमचे भांडण नाही. मात्र ज्या घरी असली पेटी असते त्या घरी पुष्कळदा तिच्या शेजारी आणखी एक हिरवट पाण्याची बरणी असते, आणि आम्हास विचार करावयाचा आहे तो त्या बरणीविषयी.

बरणीत कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव वाढवितात. कोळंबी आणि खेकडा ह्यांचेच हे दूरचे भाऊबंद. वल्ह्यासारखे ज्याचे पाय तो कोपेपॉड, असा त्या ग्रीक नावाचा अर्थ आहे. पुष्कळशा जातींची लांबी एकदोन मिलिमीटरच्या आतच असते. बरणी उजेडासमोर धरली तर पांढरे ठिपके झटके देत फिरताना दिसतात, इतकेच. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू एकामागून एक कात टाकीत अकरा अवस्थांतून जाते आणि मग प्रौढ होते. उबदार पाण्यात ह्या सर्वास साधारण दोन आठवडे पुरतात. त्यांना खाऊ म्हणून सूक्ष्म हिरवे शेवाळ घालावे लागते. बरणीत हवेची नळी सोडावी, पण बुडबुडे हळू यावेत; पाणी नासू देऊ नये; आणि एक बरणी बिघडली तर बीज राहावे म्हणून दुसरी जवळ ठेवावी. मोठे झालेले जीव बारीक जाळीच्या फडक्याने गाळून पेटीत सोडतात. तेथे मासे ते खातात.

घरातील वडीलधारी मंडळी हे पाहून विचारतात, "अरे, खाऊ घालण्यासाठीच जीव वाढवावयाचे, हा कोणता धर्म?" नातवाने ह्यावर हसू नये. प्रश्न खरा आहे, आणि त्यास घाईने दिलेले कोणतेही उत्तर पुरे पडत नाही.

पहिले घाईचे उत्तर असे की, एक जीव दुसऱ्या जीवावर जगतो हा सृष्टीचा नियमच आहे. नियम खरा, पण समुद्रात मासा कोपेपॉड खातो तेव्हा मध्ये कोणी गृहस्थ उभा नसतो. येथे जन्म देणारे आपण, वाढविणारे आपण आणि ताटात वाढणारेही आपणच. सृष्टीच्या नियमाकडे बोट दाखवून आपला हात मागे घेता येत नाही.

दुसरे उत्तर असे की, इतक्या लहान जिवास सुखदुःख ते काय? हे उत्तर आम्हास अधिकच दुबळे वाटते. दया मोजपट्टीने मोजावयाची ठरली, तर तिची किंमत आपल्या डोळ्यांच्या शक्तीइतकीच उरेल. निपाणी-बेळगाव भागातील आपले जैन शेजारी पाणी गाळून पितात हे सर्वांस ठाऊक आहे. पण गाळल्यानंतर फडक्यावर जे राहते ते फेकून न देता ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडावे, असाही त्यांचा आचार आहे. विहिरीच्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जे जीव असतात त्यांत गोड्या पाण्यातले कोपेपॉड असतात. म्हणजे ज्या जिवाविषयी आज बरणीपुढे उभे राहून वाद होतो, त्याच्याच जातभाईंचा विचार ह्या मातीत शेकडो वर्षे होत आला आहे, आणि तोही सूक्ष्मदर्शक यंत्रावाचून.

मात्र ह्याच जिवाची दुसरी बाजूही ह्या प्रदेशास विसरता येणार नाही. नारूचा रोग ज्यांनी पाहिला ती पिढी अजून आहे. पायावर फोड यावा, तो फुटून त्यातून हात-दीड हात लांबीचा, कधी त्याहूनही मोठा दोऱ्यासारखा कृमी बाहेर पडावा, आणि तो तुटू नये म्हणून काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळीत रोग्याने ऐन पेरणीच्या दिवसांत अंथरुणास खिळून राहावे! नारूची बाधा होत असे ती सायक्लॉप्स नावाच्या कोपेपॉडमधून. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, फोडातून कृमीची पिल्ले पाण्यात पडत, सायक्लॉप्स ती गिळी, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्यास पुढे वर्षभराने नारू होई. कर्नाटक, महाराष्ट्र, राजस्थान आदी प्रांतांतून हा रोग घालविण्यासाठी गावोगाव पाणी गाळावयास शिकविले गेले, पायऱ्यांच्या विहिरींचा वापर बंद करण्यात आला आणि पाण्यात टेमेफॉस हे औषध टाकून सायक्लॉप्स मारण्यात आले. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्या औषधाने किती कोपेपॉड मेले ह्याची गणना कोणी केली नाही, आणि त्याबद्दल कोणा विचारी माणसाने शोक केल्याचेही आमच्या ऐकिवात नाही. शोक करावयास हवा होता असे आम्हीही म्हणत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्यखाते हौदांत गप्पी मासे सोडते, तेही जिवंत अन्नाचेच दान आहे.

तेव्हा मारले की नाही एवढ्यावरच निवाडा होत नाही. कशासाठी मारले, हेही पाहावे लागते. नारू हे मोठे कारण होते. पेटीतील मासा हे तेवढे मोठे कारण आहे काय? नाही. तो आपल्या नेत्रसुखासाठी आणलेला आहे. आम्हास वाटते, प्रश्नाची खरी गाठ येथे आहे, आणि ती बरणीत नसून पेटीत आहे. कोपेपॉड वाढविण्याच्या कितीतरी आधी, मासा घरी आणावयाचे ठरविले त्या क्षणी, गृहस्थाने एक ऋण डोक्यावर घेतलेले असते.

मॅन्डरिन नावाचा निळ्या-नारिंगी नक्षीचा एक फारच देखणा मासा आहे. तो दिवसभर दगडांवरून हे सूक्ष्म जीव टिपीत फिरतो, आणि कोरडे खाद्य बहुधा तोंडात धरीत नाही. नव्या, स्वच्छ धुतलेल्या पेटीत तो ठेवला, तर काही आठवड्यांत पोट आत जाऊन, अंगावरचे रंग तसेच झळकत असता, तो उपासाने मरतो. ज्याला जिवंत अन्नाचा संकोच वाटतो त्याने हा मासा आणूच नये. त्यात पूर्ण धर्म आहे. पण मासा आणावयाचा आणि आपल्या संकोचापायी त्यास उपाशी ठेवावयाचे, ह्याला अहिंसा म्हणणे आम्हास जमत नाही. समुद्रघोड्याचे अन्नही असलेच असते. पण त्याचा मोह कोणी धरू नये. २००१ साली तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, आणि त्याच वर्षी दगडी पोवळीही.

आणखी एका भ्रमाविषयी बोलणे अवश्य आहे. डब्यातील कोरडे दाणे टाकले म्हणजे हात स्वच्छ राहिले, असे पुष्कळांस वाटते. बहुतेक दाण्यांत माशांचीच भुकटी असते. कोठेतरी लहान मासे जाळ्यात धरून, वाळवून, दळून ती केलेली असते. तो वध आपल्या स्वयंपाकघरात झाला नाही, एवढाच काय तो फरक.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. पाण्याचा घडाही त्यात आहे, ह्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्याने हे लिहिले त्याने चूल विझवा, घडा फोडा असे सांगितले नाही. घर चालावयाचे तर हिंसा घडणार हे त्याने उघडपणे मान्य केले, आणि तिच्यासाठी रोजचे पाच यज्ञ नेमून दिले. त्यांतला भूतयज्ञ म्हणजे मुक्या जिवांस अन्न देणे: गोग्रास, काकबली, उंबऱ्यापाशी मुंग्यांसाठी टाकलेले चिमूटभर पीठ. ह्या विचारातील प्रामाणिकपणा आम्हास मोठा वाटतो. आपण निष्पाप आहोत असा दावा त्यात नाही, आणि सर्वच पाप आहे तेव्हा काहीही करा, अशी मोकळीकही नाही.

बरणीस हाच विचार लावला तर काही गोष्टी आपोआप ठरतात. लागतील तितकेच जीव गाळावेत. बरणी कोनाड्यात विसरून तिचे पाणी कुजू देणे हे आम्ही माशास खाऊ घालण्यापेक्षा वाईट समजतो. कारण तेथे हजारो जीव कोणाच्याही पोटी न जाता नुसते आपल्या आळसाने मरतात. परगावी जत्रेस जाताना ज्याप्रमाणे तुळशीला पाणी घालण्यास शेजारी सांगून जातो, त्याप्रमाणे बरणीचेही सांगून जावे. आणि मासा घ्यावयाचाच तर समुद्रातून धरलेला न घेता पैदास केलेला घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी क्लाऊन माशांची पैदास आपल्या देशातच साधली आहे, आणि त्या विद्येत डोळ्यांइतक्याही मोठ्या नसलेल्या पिल्लांस पहिला घास म्हणून हेच सूक्ष्म जीव फार उपयोगी पडतात. समुद्रातील माशांवरील ओढ त्यामुळे थोडी तरी कमी होते. बरणीच्या बाजूने बोलणारी सर्वांत बळकट गोष्ट आम्हास हीच दिसते.

राहता राहिला एक प्रश्न, जो छंद संपल्यावर येतो. मासा मेला, मुलगा शिकावयास पुण्यास गेला, आणि बरणी तशीच उरली. तिच्यातील जीव जैनांच्या रीतीने विहिरीत सोडून चालणार नाही. ते खाऱ्या पाण्यातले, गोड्यात तत्काळ मरतील. गोव्यास जाताना समुद्रात सोडू म्हणावे तर तेही योग्य नाही. ते कोणत्या समुद्रातून आले हे आपणास ठाऊक नसते, आणि परका जीव तेथे काय करील हे सांगवत नाही. त्यांना परत जाण्यास पाणी उरलेले नाही. बेळगावात ज्याच्या घरी अशी पेटी चालू आहे त्याचा पत्ता काढून बरणी त्याच्या स्वाधीन करावी, आणि तो मिळेपर्यंत दर दोन दिवसांनी शेवाळ घालीत राहावे.