न काढलेलं कर्ज

माणसाला बसायला बाकडं, हातात अर्धा कप चहा आणि बोलायला दुसऱ्याचं पोरगं मिळालं की आणखी काही नको असतं. आमच्या वर्ध्यात ही तिन्ही सुखं मुबलक आहेत. पोरगं बहुधा पृथ्वी शॉ असतं.

हे पोरगं म्हणजे चालतंबोलतं भांडणच. २०१८ साली राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. २०२० च्या डिसेंबरात अ‍ॅडलेडला दुसऱ्याच चेंडूवर भोपळा, दुसऱ्या डावात ४, आणि तिथून कसोटी बंद. लगेच २०२१ मध्ये विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा! २०२३ च्या जानेवारीत रणजीत आसामविरुद्ध ३७९. २०२४ च्या नोव्हेंबरात आयपीएलच्या लिलावात गिऱ्हाईक नाही. २०२५ साली मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला आणि चंडीगडविरुद्ध २२२. असं खातं आमच्या काउंटरवर आलं, तर आम्ही आधी सही पडताळून पाहू!

जेवणाच्या सुट्टीत आमच्या शाखेत यावरून दोन पक्ष पडतात. रोखपाल म्हणतात, "पोट्ट्यानं वाटोळं केलं ना बाप्पा! किती आशा ठेवली होती आपण!" शिपाईबुवा म्हणतात, "थांबा ना साहेब. येईन तो लायनीवर."

मी कॉमर्सचा माणूस. माझं घोडं 'ठेवली होती' या शब्दापाशी अडतं. ही ठेव कोणाच्या खात्यात ठेवली? पासबुक कुठाय? २०१३ च्या नोव्हेंबरात चौदा वर्षांच्या या मुलाने हॅरिस शील्डच्या सामन्यात ५४६ धावा केल्या. चारच दिवस आधी वानखेडेवर सचिन निवृत्त झाला होता. देशाकडे एवढी आशा एकदम मोकळी झालेली. ती गुंतवायची कुठे? आपण ती या शाळकरी पोराच्या नावावर टाकली. त्याने अर्ज केला नव्हता, जामीनदार आणला नव्हता. आणि आता दर हंगामात आपण व्याजासकट वसुलीला निघतो!

कोणी म्हणेल, तो पैसे घेऊन खेळतो, मग जाब विचारायचा नाही? अवश्य विचारावा. मुंबईने २०२४ च्या ऑक्टोबरात त्याला रणजी संघातून वगळलं; निवडणाऱ्यांचा तो हक्कच. मेहनतीचा हिशेब मागता येतो. पण 'तू माझं स्वप्न का मोडलंस?' हे त्याला विचारता येत नाही. स्वप्न आपलं, ते मोडल्याची तक्रारही आपल्यापाशीच नोंदवायची.

पवनार इथून जवळच, त्यामुळे विनोबांच्या कृपेने निष्काम कर्म आमच्या कानावर असतं. अडचण एवढीच, की फळाची आशा सोडायला सांगितलंय ते करणाऱ्याला. बघणाऱ्याला कोणी काहीच सांगितलेलं नाही. म्हणून खेळणारा एक आणि फळावर टपलेले लाखो.

त्यापेक्षा आमचा कास्तकार शहाणा. पऱ्हाटी एका वर्षी लगडते, पुढच्या वर्षी बोंडअळी. तो कपाळाला हात लावतो, पण पऱ्हाटीने दगा दिला म्हणत नाही. पैसेवारी पन्नासच्या खाली गेली, की बँकसुद्धा त्याच्या कर्जाचं पुनर्गठन करते. माणसाच्या पोराला मात्र आपण एका हंगामात थकबाकीदार ठरवतो.

आणि हे क्रिकेटपुरतं थोडंच आहे? दहावीला पंच्याण्णव टक्के मिळवणारा बारावीला सत्तरावर आला, की घरात सुतक. वास्तविक सत्तर टक्के त्याच्या हातात असतात. बुडालेलं असतं ते वडिलांनी परस्पर त्याच्या नावावर टाकलेलं. वाईट एवढंच, की ते न काढलेलं कर्ज पोरगं खरोखर फेडत बसतं. कधी कधी जन्मभर.

हे सगळं मी रोखपालांना समजावून सांगितलं. त्यांनी हातातली चळत शेवटपर्यंत मोजली, रबर लावलं आणि म्हणाले, "पटलं बा तुमचं. पण रणजीत यंदा किती मारन तो?"