मेंढ्यांच्या वाटेवरील धावपटू

स्पेनच्या डोंगराळ मुलखात गेल्या पाव शतकात धावण्याचा एक नवा प्रकार रुजला आहे. त्यात धावपटू डांबरी सडक सोडून रानातल्या पाऊलवाटांनी, ओक आणि बीच वृक्षांच्या सावलीतून, डोंगरांच्या धारेवरून आणि लहानसहान खेड्यांच्या गल्ल्यांतून चाळीस, क्वचित शंभर किलोमीटरही धावतात. या प्रकाराचे वर्णन सामान्यतः ‘निसर्गाच्या सान्निध्यात धावणे’ असे केले जाते. हे वर्णन मला अपुरे वाटते, आणि काही अंशी अन्यायकारकही वाटते. ज्या भूमीवर ही धाव चालते, ती निसर्गाने जशी दिली तशी राहिलेली नाही. तिच्यावरील जवळजवळ प्रत्येक वाट कोणीतरी, काही प्रयोजनाने, पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांनी घडविलेली आहे, आणि त्या वाटेवरून जाण्याचा सर्वांचा हक्क कोणीतरी सरकारदरबारी झगडून राखला म्हणूनच ती आज मोकळी आहे. धावपटू हा त्या श्रमांचा आणि त्या हक्काचा अगदी अलीकडचा वारस आहे. वारशाबरोबर येणारे दायित्व त्याने कितपत पत्करले आहे, यावरूनच या क्रीडाप्रकाराचे मूल्य ठरवावे, असे माझे मत आहे.

भूमध्य समुद्राच्या काठी कास्तेल्यो नावाचे शहर आहे. त्याच्या आतल्या बाजूस, 1,800 मीटरांहून उंच अशा पेन्यागोलोसा पर्वताच्या पायथ्याशी, सांत जोआन हे पुरातन देवस्थान वसलेले आहे. दर वर्षी एप्रिलच्या अखेरच्या शुक्रवारी लेस उसेरेस या खेड्यातून बारा यात्रेकरू आणि त्यांचा एक वाटाड्या असे तेरा पुरुष लांब झगे घालून, हाती काठी घेऊन, मौन पाळीत या देवस्थानाकडे पायी निघतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परततात. आरोग्य, शांतता आणि पाऊस एवढेच त्यांचे मागणे असते, आणि ही प्रथा मध्ययुगापासून चालत आलेली आहे. शासनाने या वाटेलाच नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. आता कास्तेल्योच्या सखल किनाऱ्यापासून याच देवस्थानापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरांची एक धावस्पर्धा भरते आणि तिचा मार्ग काही ठिकाणी यात्रेच्या वाटेशी एकरूप होतो. मे 2018 मध्ये याच प्रदेशात 85 किलोमीटरांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. एकाच वाटेवरून एक जण पाऊस मागत मौनाने चालतो आणि दुसरा घड्याळ लावून धावतो, हे पाहून कित्येक भाविक मनांना खेद होतो. मला तो खेद अनाठायी वाटतो. या वाटेने खेचरांवरून लोकर आणि गहू वाहणारे व्यापारी गेले, हिवाळ्याच्या तोंडावर घाईघाईने खाली उतरणारे मेंढपाळ गेले, डॉक्टरला आणावयास रात्री-अपरात्री धावत सुटलेले गावकरीही गेले असतील. गतीने वाट भ्रष्ट होत नाही.

वाट बिघडते ती वेगळ्या कारणाने, आणि ते कळण्यासाठी तिचे बांधकाम जवळून पाहिले पाहिजे. वाटेच्या दोन्ही अंगांना चुना किंवा मातीचा गारा न वापरता रचलेल्या दगडी भिंती आहेत. कोकणातला वाचक त्यांना तत्काळ गडगे म्हणून ओळखेल. भिंतीच्या दोन्ही दर्शनी बाजूंना मोठे दगड एकमेकांत सांधून बसविलेले असतात, मधल्या पोकळीत चिपांची भर असते आणि माथ्यावर वजनदार दगडांची एक ओळ दाबून बसविलेली असते. वाटेने जाणाऱ्या कळपाने शेजारच्या गव्हात तोंड घालू नये, हा या गडग्यांचा मूळ हेतू होता. शिवाय शेत साफ करताना निघालेला दगड कोठे ना कोठे रचावयाचा होताच. उताराच्या जागी वाटेच्या पृष्ठभागावरच दगडांच्या तिरक्या ओळी पुरलेल्या आढळतात. पावसाचे पाणी वाट धरून खाली धावू लागले की या ओळी ते अडवून बाजूच्या झाडीत काढून देतात. त्या प्रदेशात शरद ऋतूत पाऊस कोसळतो तो अशा आवेगाने, की ओळीतला एक दगड जरी बुटाच्या ठोकरीने निखळला आणि कोणी तो पुन्हा बसविला नाही, तरी काही मोठ्या सरींत तेथे घळ पडते, आणि पुढच्या वर्षी पाऊलवाटेच्या जागी ओहोळ वाहू लागतो. पूर्वी असा दगड दिसला की तिकडून जाणारा माणूस थांबून तो जागेवर बसवी, कारण उद्या त्यालाच त्या वाटेने परत यावयाचे असे. दगड रचण्याच्या या कलेला 2018 मध्ये युनेस्कोने स्पेनसह आठ देशांचा सामाईक सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हा सन्मान योग्यच आहे, परंतु निखळलेला दगड सन्मानपत्राने जागेवर येत नाही.

श्रमांच्या जोडीला कायद्याचे संरक्षण नसते, तर या वाटा केव्हाच नाहीशा झाल्या असत्या. 1273 मध्ये कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो याने मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला सनद दिली. उन्हाळ्यात उत्तरेच्या पर्वतांत आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या उबदार कुरणांत मेंढ्या नेण्याचा जो शिरस्ता होता, त्याला या सनदेने राजाश्रय मिळाला, आणि मोठ्या पशुमार्गांची रुंदी 90 ‘वारा’, म्हणजे सुमारे 75 मीटर, असावी असे ठरले. मेस्ताने आपल्या अधिकाराचा पुष्कळ दुरुपयोगही केला. शेतकऱ्यांच्या तक्रारींनी शतकानुशतके न्यायालयांची दप्तरे भरली, आणि अखेर 1836 मध्ये तो संघ बरखास्त झाला. तथापि संघ गेला तरी मार्ग उरले. आजही देशभर त्यांची एकूण लांबी सुमारे 1,25,000 किलोमीटर मानली जाते, आणि 1995 च्या कायद्याने ते सार्वजनिक मालमत्ता म्हणून घोषित झाले आहेत. त्यांची विक्री करता येत नाही, कितीही वर्षांची वहिवाट दाखविली तरी त्यांवर खासगी मालकी सिद्ध होत नाही, आणि कर्जापोटी त्यांवर जप्ती आणता येत नाही. याच कायद्याने चालणाऱ्यांना, घोडेस्वारांना आणि यंत्राच्या वाहनाविना खेळ खेळणाऱ्यांना त्यांवरून जाण्यास मुभा दिली, ती मात्र एका अटीवर: मेंढ्यांचा कळप आला तर प्रथम हक्क कळपाचा. धावपटूला त्या वाटेवर प्रवेश मिळाला आहे तो मेंढपाळाच्या मागून, हे कायद्याच्या कलमातच नमूद आहे. मला ही तरतूद अत्यंत शहाणपणाची वाटते, आणि स्पर्धेला येणाऱ्या प्रत्येकाला ती प्रथम वाचावयास द्यावी असे वाटते.

कायदा आहे म्हणून सर्व सुरळीत आहे असे मात्र नव्हे. या मार्गांची हद्द कायम करून ठिकठिकाणी हद्दीचे दगड रोवण्याचे काम कित्येक जिल्ह्यांत अपुरे आहे. कोठे शेत सरकत सरकत मार्गात आले, कोठे सडक झाली, कोठे घरे उठली. हद्द मोजलेली नसेल, तर अतिक्रमण सिद्ध करणे दुरापास्त होते. ज्या वाटेवरून कोणी जात नाही, तिच्याबद्दल तक्रार करावयासही कोणी उरत नाही. येथे धावपटूचा उपयोग आहे, आणि तो लहान नाही: त्याच्या पावलांमुळे वाट वापरात असल्याचा पुरावा राहतो.

आता रानाविषयी. परदेशातून आलेल्या धावपटूला ही दाट झाडी आदिम वाटते. वस्तुतः तिचा पुष्कळसा भाग एका माणसाच्या आयुष्याइतक्याही वयाचा नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः 1950 नंतरच्या दोन-अडीच दशकांत, लाखो माणसे खेडी सोडून माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओ या शहरांकडे गेली. त्यांच्या मागे दगडी तालींवरची शेते ओस पडली आणि त्यांत पाइन, झुडपे, काटे माजले. अन्य ठिकाणी सरकारनेच सलग पाइन लावले. आज सोरिया प्रांतात चौरस किलोमीटरला नऊ माणसेही नाहीत, आणि 31 मार्च 2019 रोजी अशा रिकाम्या झालेल्या प्रदेशांतील हजारो लोक आपले गाऱ्हाणे घेऊन राजधानीच्या रस्त्यांवर उतरले होते. जेथे पूर्वी शेळ्या झुडपे खात, सरपण गोळा होई, कोळसा पाडला जाई, तेथे आता वाळलेले इंधन साठत राहते. 2022 च्या उन्हाळ्यात सामोरा प्रांतातील सिएरा दे ला कुलेब्रा या डोंगररांगेच्या परिसरात दोन वणव्यांनी मिळून 50 हजार हेक्टरांहून अधिक प्रदेश जाळला आणि माणसेही दगावली. म्हणून ज्या निबिड हिरवाईचे धावपटू मनःपूर्वक कौतुक करतो, तीत त्या खेड्याचे दुःखही मिसळलेले आहे. गावकरी ती हिरवाई पाहतो तेव्हा त्याला आपल्या आजोबांचे बुजलेले शेत दिसते. मेंढ्यांचा एक कळप त्या रानासाठी जे करतो, ते हजार धावपटूंच्या पावलांनी होणार नाही.

तरीसुद्धा एका खेड्याचे उदाहरण मला आशादायक वाटते. बास्क प्रदेशातील सेगामा हे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव. 2002 पासून तेथे आयस्कोर्री पर्वतावरून पूर्ण मॅरेथॉन अंतराची, 2,700 मीटरांहून अधिक चढ असलेली स्पर्धा भरते. वाटेत सान आद्रियानची नैसर्गिक गुहा आहे, जिच्यातून मध्ययुगात कॅस्टिल आणि फ्रान्स यांमधला हमरस्ता जात असे; पुढे सांक्ती स्पिरितूची चढण, मग चुनखडीचा उघडा कडा, आणि पलीकडे उर्बियाची कुरणे, जेथे लाचा जातीच्या मेंढ्या चरतात आणि त्यांच्या दुधाचे इदियासाबाल चीज प्रसिद्ध आहे. चढणीवर पावसाचिखलात उभे राहून दोन्ही बाजूंनी ओरडून धीर देणाऱ्या लोकांची एवढी दाटी असते, की धावपटूला जेमतेम अंगापुरती फट मिळते. स्पर्धा जगप्रसिद्ध झाली, हजारो अर्ज येऊ लागले, तरी धावणाऱ्यांची संख्या पाचशेच्या आसपासच ठेवलेली आहे. पैसा पुढे येऊन उभा असताना ‘एवढेच पुरे’ असे म्हणणे फार थोड्यांना साधते.

गावाला हे का साधले, याचा विचार केला पाहिजे. आयस्कोर्रीच्या माथ्यावरची कुरणे आणि राने ही भोवतालच्या अनेक गावांची शतकानुशतकांची सामाईक मालमत्ता आहे, आणि तिचा कारभार ती गावे मिळून पाहतात. वाट दुरुस्त करणे, कुंपण बांधणे अशा कामांसाठी घरटी एक माणूस देण्याची ‘आउसोलान’ नावाची रीत बास्क खेड्यांत जुनी आहे. ज्या समाजाला एकत्र राबण्याची अशी सवय आहे, त्याने स्पर्धाही आपल्या पद्धतीने हाती घेतली, तेव्हा ती बाहेरच्या कंपनीच्या ताब्यात जाण्याऐवजी गावच्या सणाचा भाग झाली. जेथे अशी सामाईक व्यवस्था मोडून पडली आहे, तेथे केवळ स्पर्धा भरविल्याने गाव उभे राहील, ही पर्यटन खात्यांची अपेक्षा मला फोल वाटते. शाळा बंद पडलेल्या, दवाखाना उघडण्याचे वार मोजलेल्या खेड्याला वर्षातल्या एका रविवारची गर्दी जगवू शकत नाही.

महाराष्ट्रातून स्पेनच्या या वाटांवर धावण्यासाठी जाणाऱ्यांना आणि जाऊ इच्छिणाऱ्यांना माझे एक सांगणे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतील वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या स्पर्धेत धावपटूला आठ तासांचे सेवाकार्य केल्याखेरीज प्रवेश मिळत नाही, आणि वाटेची दुरुस्ती हे त्या सेवेत धरले जाते. असा नियम स्पेनमधल्या प्रत्येक स्पर्धेने करावा, आणि तो होईपर्यंत तुम्ही तो स्वतःवर घालून घ्यावा. स्पर्धेच्या तारखेच्या दोन दिवस आधी पोहोचा, गावच्या नगरपालिकेत जाऊन कोणत्या वाटेचे काम अडले आहे ते विचारा, आणि कोणी दगड रचणारा म्हातारा भेटला तर त्याच्या हाताखाली एक दिवस राबा.